वाचक विचारतात : माजी सैनिक आणि ईएमडीआर उपचार

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमध्ये या वेळी एक विषय पुन्हा पुन्हा दिसला. फौजेतून परतलेल्या माणसाची उडालेली झोप, भडकणारा राग, आणि त्यावर डॉक्टरांनी सुचवलेली डोळ्यांच्या हालचालींची उपचारपद्धती, म्हणजे ईएमडीआर. त्यामुळे या अंकातलं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (मोहोळ तालुका) : माझे मिस्टर १७ वर्षं फौजेत होते, त्यातली बरीच काश्मीरमध्ये. रात्री ओरडत उठतात. पाठीमागून कुणी आलं की हात उगारतात. डॉक्टरांनी पीटीएसडी, म्हणजे जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार, सांगितलं आणि ‘डोळे फिरवायची थेरपी’ घ्या म्हणाले. सासूबाई म्हणतात हे संमोहन आहे, माणूस त्यांच्या ताब्यात जातो. आणि बोटाकडे बघून एवढा जुना त्रास जाईल तरी कसा?

उत्तर : ताई, हे संमोहन नाही. तुमचे मिस्टर पूर्ण जागे असतात, डोळे उघडे असतात, खोलीतला पंखा आणि रस्त्यावरचा हॉर्न त्यांना ऐकू येत असतो. त्यांनी हात वर केला की काम जागच्या जागी थांबतं. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा. घरातल्या मोठ्यांच्या मनात शंका राहिली, तर पहिल्या अवघड आठवड्यातच उपचार सुटण्याची भीती असते.

फ्रान्सीन शापिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये ही पद्धत बसवायला सुरुवात केली आणि १९८९ मध्ये त्यावरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. विचार असा आहे : साधी आठवण वर्षागणिक जुनी होत जाते, पण जिवावर बेतलेल्या प्रसंगाची होत नाही. आवाज, वास, छातीतली धडधड यांच्यासकट ती कच्चीच राहते, आणि जराशी खूण मिळाली की हे सगळं आत्ता घडतंय असं शरीर वागू लागतं. पाठीमागे पाऊल वाजलं की हात उगारला जातो तो यामुळे. तो राग तुमच्यावरचा नसतो.

आता बोटाचं. एका वेळी डोक्यात धरून ठेवता येईल अशी जागा माणसाकडे फार थोडी असते. प्रसंगाचं चित्र डोळ्यांपुढे आणायचं आणि त्याच वेळी भरभर हलणाऱ्या बोटांमागे नजर न्यायची, ही दोन्ही कामं त्याच जागेत करावी लागतात. त्यात चित्राची धार कमी होते, आणि धार कमी झालेलं चित्रच मनात परत जाऊन बसतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे प्रयोगशाळेत अनेकदा तपासलं आहे. हात फार सावकाश हलवला तर उपयोग कमी होतो, त्याचं कारणही हेच. डोळ्यांची हालचाल नसती तरी उपचार लागू पडला असता का, यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. आमचं मत विचाराल तर रुग्णाने त्या वादात पडू नये. बोट हलवणं हा या उपचाराचा सगळ्यात सोपा भाग आहे. आधीची तयारी किती झाली, कोणती आठवण निवडली आणि बैठक कशी बंद केली, यावर गुण येणं न येणं ठरतं.

प्रश्न (निवृत्त सुभेदार, बार्शी) : त्या खोलीत नेमकं काय करतात? सगळं बोलून दाखवावं लागतं का? काही गोष्टी घरातसुद्धा सांगितलेल्या नाहीत, आणि काही सांगण्याची मुभा नाही.

उत्तर : सुभेदारसाहेब, सगळं बोलावं लागत नाही. ठिकाण, युनिट, ऑपरेशन, कुणाचं नाव, यातलं काहीही न सांगता काम होतं. ‘तो नाल्यातला प्रसंग’ एवढं म्हटलं तरी पुरतं. बोलण्यावर भर असलेल्या इतर उपचारांपेक्षा सैनिकांना ईएमडीआर जवळचा वाटतो तो बऱ्याचदा यामुळेच.

उपचाराचे आठ टप्पे आहेत. पहिल्या एक-दोन बैठकांत फक्त माहिती घेतात : झोप, दारू, डोक्याला लागलेला मार, फिट, जीव द्यावासा वाटणं, आणि मधला वेळ कुठे गेला ते कळत नाही असं कधी होतं का. यातलं काही लपवू नका, पुढचा सगळा क्रम त्यावर ठरतो. मग प्रसंगांची यादी होते. तुमच्यासारख्या लांब नोकरीत प्रसंग एक नसतो, पंधरा-वीससुद्धा असू शकतात. सगळ्यांवर काम करावं लागत नाही. एकाच जातीच्या प्रसंगांतला पहिला आणि सर्वांत वाईट असे निवडले, तर बाकीचे पुष्कळदा आपोआप सौम्य होतात.

दुसरा टप्पा तयारीचा, आणि घाई होते ती इथेच. मन खवळलं तर ते परत जागेवर कसं आणायचं हे आधी शिकवतात : सावकाश लांब श्वास सोडणं, तळपाय जमिनीला दाबून खोलीतल्या पाच वस्तू मोजणं, नको असलेला विचार मनातल्या मनात एका पेटीत बंद करून ठेवणं. ‘सुरक्षित जागा डोळ्यांपुढे आणा’ असंही सांगतात. सैनिकाला हे कधीकधी जमत नाही, कारण जागा कुठलीही असो, मन पहाऱ्यावर उभं राहतं. तसं झालं तर स्पष्ट सांगा. जागेऐवजी एखादं काम घेता येतं : शेतात पाणी धरणं, बैलाला खरारा करणं, पोहणं. बसण्याची जागाही मागून घ्या. पाठ भिंतीला आणि दार नजरेसमोर असलं की निम्मा ताण तिथेच उतरतो. या टप्प्याला तीन-चार बैठका लागल्या तरी लागू द्या. स्वतःला शांत करता येत नाही तोवर आठवणीला हात घालायचा नाही.

तिसऱ्या टप्प्यात आठवण मोजून घेतात. समजा कॉन्व्हॉयमधली, म्हणजे फौजेच्या ताफ्यातली पुढची गाडी आयईडीवर, म्हणजे पेरून ठेवलेल्या बॉम्बवर गेली. सगळ्यात त्रास देणारं चित्र कोणतं? धुरातून दिसणारा एक बूट. ते चित्र बघताना स्वतःबद्दल काय वाटतं? ‘दोष माझा आहे.’ त्याऐवजी काय वाटायला हवं? ‘माझ्या हातात होतं ते मी केलं.’ हे दुसरं वाक्य आत्ता किती खरं वाटतं, ते १ ते ७ मध्ये सांगायचं. सुरुवातीला २ असू शकतं. त्रास किती, ते ० ते १० मध्ये, समजा ९. आणि तो शरीरात कुठे जाणवतो? जबड्यात, छातीत.

मग चौथा टप्पा, डोळ्यांचं काम. थेरपिस्ट अगदी समोर बसत नाही. खुर्ची थोडी बाजूला, गुडघ्याला गुडघा लागणार नाही अशी असते. दोन बोटं चेहऱ्यापासून फूटभर किंवा थोडी जास्त अंतरावर, नजरेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात आणि परत येतात. मान स्थिर, फक्त डोळे हलतात. अशा साधारण २४ फेऱ्यांचा एक सेट, म्हणजे जवळपास अर्धा मिनिट. काही जण बोटांऐवजी सरकत्या दिव्याची पट्टी वापरतात. सेट संपला की श्वास घ्यायचा आणि ‘काय आलं?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर द्यायचं. चित्र बदललं, आवाज आला, हात जड झाला, काहीच आलं नाही, यातलं कुठलंही उत्तर चालतं. थेरपिस्ट फक्त ‘त्याच्याबरोबर राहा’ म्हणतो आणि पुढचा सेट सुरू होतो. हुतात्मा एक्सप्रेसच्या खिडकीतून जशी मागे जाणारी शेतं बघावीत तसं जे येईल ते बघायचं, गाडीतून उतरायचं नाही.

त्रास ० वर, निदान १ वर आला की पाचव्या टप्प्यात चांगलं वाक्य घेऊन ते ६-७ पर्यंत पक्कं करतात. सहाव्यात डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासतात, जबडा अजून आवळलेला असेल तर काम संपलेलं नाही. सातवा टप्पा बैठक बंद करण्याचा, आठवा पुढच्या वेळी मागची आठवण पुन्हा मोजून बघण्याचा. एक बैठक ६० ते ९० मिनिटांची असते. एक प्रसंग एका बैठकीत संपेलच असं नाही.

काम कुठे अडतं तेही सांगतो. दोन सेटमध्ये थेरपिस्ट फार बोलू लागला, सल्ले देऊ लागला, की मनाची वाट तुटते. फेऱ्या फार थोड्या घेतल्या तर आठवण हलत नाही. आणि सैनिकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त अडतं ते अपराधीपणावर. आकडा ५ वर येऊन थांबतो, सेटमागून सेट ‘मी जगलो, तो गेला’ एवढंच येत राहतं. अशा वेळी जाणकार थेरपिस्ट हाताची दिशा किंवा वेग बदलून बघतो, आणि तरी हललं नाही तर एखादाच प्रश्न घालतो : ‘तुमच्या जागी तुमच्या हाताखालचा जवान असता, तर त्याला तुम्ही दोषी धरलं असतं का?’ एवढ्याने पुष्कळदा गाठ सुटते. मात्र आपल्या हातून खरंच काही चुकीचं घडलं असेल, तर डोळ्यांच्या हालचालीने ते पुसलं जाणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. त्यासाठी वेगळं, सावकाश बोलणं लागतं. चांगला थेरपिस्ट ही गोष्ट आधीच सांगतो.

प्रश्न (पंढरपूर) : मोठे बंधू रिटायर्ड हवालदार आहेत. इंटरनेटवर एकाच बैठकीत बरं झाल्याचे व्हिडिओ आहेत, आणि घरी बघायचे सरकत्या ठिपक्याचेही आहेत. लढाईतल्या माणसाला याचा खरोखर किती उपयोग होतो?

उत्तर : उपयोग होतो, पण एका बैठकीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी ईएमडीआर सुचवलं. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या आणि संरक्षण खात्याच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत ज्या तीन मानसोपचारांची सर्वांत आधी शिफारस आहे, त्यातलं एक ईएमडीआर आहे. दुसरी बाजूही सांगायला हवी. कोणता उपचार द्यावा याच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये ईएमडीआरची शिफारस लढाईशी संबंध नसलेल्या आघातापुरतीच ठेवली, कारण लढाईतल्या आघातासाठीचा पुरावा तिला अपुरा वाटला. याचं एक कारण जुन्या अभ्यासांत आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएतनाम युद्धातल्या काही सैनिकांना जेमतेम दोन बैठका देऊन ‘फरक नाही’ असा निष्कर्ष निघाला होता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तशाच माजी सैनिकांना १२ बैठका दिल्या, तेव्हा ठळक फरक पडला आणि ९ महिन्यांनीही टिकला. तो अभ्यास लहान होता, तरी धडा स्पष्ट आहे. अपघातासारख्या एकाच प्रसंगाला तीन ते सहा बैठका पुरू शकतात, पण फौजेतल्या माणसाने १२ किंवा जास्त धरून चालावं.

गुण येतोय का हे अंदाजाने ठरवू नका. पीसीएल-५ नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली असते, एकूण गुण ० ते ८०. सुरुवातीला एकदा आणि नंतर दर तीन-चार बैठकांनी ती भरून घ्यायला सांगा. साधारण ३१-३३ च्या वर गुण असतील तर पीटीएसडीची शक्यता धरतात, आणि १० किंवा जास्त गुणांची घट म्हणजे खरा फरक. सहा-आठ बैठकांनंतर आकडा जागचा हलला नसेल तर थेरपिस्टशी बोला. आघातावर थेट काम करणारे बोलण्याचे इतर उपचारही तितकेच भरवशाचे आहेत.

घरी ठिपक्याचा व्हिडिओ लावून एकट्याने आठवण काढू नये. आठवण उघडते, बंद करायला कुणी नसतं.

प्रश्न (अक्कलकोट रोड, सोलापूर) : मिस्टरांच्या दोन बैठका झाल्या. दुसरीनंतर तीन रात्री झोप नाही, चिडचिड वाढली, रोजची दारूही वाढली. थांबवू का?

उत्तर : लगेच थांबवू नका, पण आजच थेरपिस्टला फोन करा. बैठकीनंतर दोन-तीन दिवस स्वप्नं वाढणं, मध्येच जुनं काही आठवणं, थकवा येणं हे अपेक्षित आहे. काम डोक्यात चालूच राहतं. सलग आठवडाभर झोप नसणं, आपण कुठे आहोत याचं भान जाणं, जीव द्यायची किंवा कुणाला मारायची भाषा येणं, हे अपेक्षित नाही. अशा वेळी पुढचा फोन थेरपिस्टला नाही, मानसोपचारतज्ज्ञाला किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात.

दुसऱ्याच बैठकीत आठवण उघडली असेल तर तयारी कमी पडली असण्याची दाट शक्यता आहे. थेरपिस्टला दोन गोष्टी विचारा : बैठक संपताना त्रासाचा आकडा किती होता, आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं शांत करण्यासाठी ठेवली होती का. आकडा ७-८ असताना वेळ संपली म्हणून तसंच घरी पाठवणं ही चूक आहे.

बैठकीच्या दिवशी त्यांनी स्वतः मोटरसायकल चालवत येऊ नये, सोबत कुणीतरी असावं. त्या संध्याकाळी पाहुणे, भांडणाचे विषय, टीव्हीवरच्या चकमकीच्या बातम्या टाळा. ‘काय काय झालं तिथे?’ असं खोदून विचारू नका. रात्री दचकून उठले तर हात लावून हलवू नका. दाराशी उभं राहून दिवा लावा आणि नाव घेऊन, आपण सोलापुरात घरी आहोत, एवढं सांगा. एक छोटी वही ठेवा : काय झालं, कशामुळे, त्रास किती. पुढच्या बैठकीला तीच वही कामाला येते.

दारूबद्दल ठामपणे सांगतो. फौजी कॅन्टीनमधून मिळालेला दारूचा कोटा घरात असेल तर तो तुमच्या ताब्यात घ्या, पण रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडू नका. अचानक तोडल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आधी दारू सोडवायची, मग आठवणींचं काम. आणि मिस्टर सुरक्षारक्षक म्हणून परवान्याची बंदूक बाळगत असतील, तर उपचार चालू आहे तोवर ती आणि काडतुसं घराबाहेर, विश्वासू जागी जमा राहतील अशी व्यवस्था करा.

प्रश्न (माढा तालुका) : वडील ६३ वर्षांचे, १९८८ मध्ये श्रीलंकेत शांतिसेनेत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पूर्वी एकदा फिट आली होती, झोपेची गोळी अनेक वर्षं चालू आहे. चालेल का?

उत्तर : वय आणि मधली पस्तीस-चाळीस वर्षं आड येत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. डोळे दुखत असतील, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल किंवा ऑपरेशन ताजं असेल तर डोळे न हलवता हातांच्या तळव्यांवर आलटून पालटून थापट्या देऊन किंवा कानात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आवाज देऊन हेच काम करता येतं. फिटचा इतिहास पहिल्याच भेटीत सांगा आणि लुकलुकणारा दिवा नको म्हणा.

झोपेची गोळी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या जातीची असेल, तर पीटीएसडीत तिचा उपयोग नाही. उलट सवय लागते, आणि मन बधिर असताना आठवणीवर काम नीट होत नाही. तरीही स्वतःहून बंद करू नका. ती आठवड्यामागून आठवडे, डॉक्टरांच्या हिशेबाने कमी करायची असते. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही पीटीएसडीची नेहमीची औषधं मात्र ईएमडीआरबरोबर चालू ठेवता येतात.

प्रश्न (सोलापूर शहर) : आमचं घर होम मैदानाजवळ आहे. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेच्या दारूकामाच्या (आतषबाजीच्या) रात्री आण्णा पलंगाखाली जाऊन बसतात. नातेवाईक म्हणतात, मैदानात घेऊन जा, सवय होईल.

उत्तर : अजिबात नेऊ नका. भीतीला हळूहळू सामोरं नेणं हा उपचार आहे, पण तो पायरीपायरीने, माणसाच्या संमतीने करतात. गर्दीत, धुरात, अचानक नेऊन जुनी जखमच पक्की होते.

ईएमडीआरमध्ये या त्रासासाठी वेगळी जागा आहे. आधी मूळ प्रसंग घेतात, मग आजच्या खुणा, म्हणजे फटाक्याचा आवाज, फटाक्यांच्या दारूचा वास, गर्दी, आणि शेवटी पुढचा प्रसंग : येत्या जानेवारीतली ती रात्र मनात पायरीपायरीने चालवून बघतात आणि जिथे छाती धडधडते तिथे सेट घेतात. म्हणून पावसाळ्यात सुरुवात करा. दिवाळीत किती फरक पडला ते कळेल आणि यात्रेआधी उरलेलं काम करता येईल. यंदा वेळ नसेल तर दारूकामाची वेळ आण्णांना आधी सांगून ठेवा, कारण अचानक आलेला आवाज जास्त लागतो. मैदानापासून दूर नातेवाइकांकडे मुक्काम करा, नाहीतर आतल्या खोलीत, पंखा चालू ठेवून कुणीतरी जवळ बसा. त्यांना यात्रेतल्या नंदीध्वजाचं दर्शन हवं असेल तर ते दिवसा, कडेला उभं राहून घेता येईल.

प्रश्न (करमाळा) : सोलापुरात कुठे जायचं? थेरपिस्ट खरा आहे हे कसं ओळखायचं? मी बँकेत सुरक्षारक्षक आहे, कामावर कळलं तर?

उत्तर : माजी सैनिक असाल तर आधी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन सोलापुरातल्या पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि मानसोपचार विभागासाठी रेफरल मागा. रेफरल न घेता खासगीत गेलात तर तातडीची वेळ सोडून खर्च परत मिळणं अवघड असतं. ईएमडीआर करणारी व्यक्ती त्यात बसते का, हे तिथेच लेखी विचारून घ्या. कार्ड नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागदपत्रांसाठी मदत करतं. निदान आणि औषधांसाठी सिव्हिलची मानसोपचार ओपीडी आहेच. निदान आधी, थेरपी नंतर.

थेरपिस्टला फोनवरच विचारा : क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक काय? ईएमडीआरचं प्रशिक्षण दोन्ही भागांचं पूर्ण आहे का, आणि त्यानंतर जाणत्यांच्या मार्गदर्शनाखाली केसेस केल्या का? लढाईतल्या आघाताचं काम केलंय का? आठवणीला हात घालण्याआधी किती बैठका तयारीच्या घेता? शेवटच्या प्रश्नाला ‘गरज नाही, पहिल्याच दिवशी सुरू करू’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. भाषाही बघा. घरात कन्नड किंवा तेलुगू बोलत असाल तर त्या भाषेत मनातलं वाक्य सांगता आलं पाहिजे, कारण भीती लहानपणच्या भाषेत जास्त खरी उमटते. करमाळ्याहून दर आठवड्याला येणं जमत नसेल तर पहिल्या काही भेटी समोरासमोर घेऊन पुढचं काम ऑनलाइन होऊ शकतं. त्यासाठी मोठा पडदा, न तुटणारं नेटवर्क आणि घरात शेजारच्या खोलीत एक जाणतं माणूस हवं. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलतात.

कामावर कळण्याबद्दल : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका असणं किंवा न्यायालयाचा आदेश, असे थोडे अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ती बँकेला देता येत नाही. रजेसाठी दाखला लागलाच तर त्यात आजाराचं नाव न घालता ‘वैद्यकीय उपचार चालू’ एवढंच लिहून देता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. कामावर तुमच्याकडे बंदूक असेल तर मात्र उपचाराच्या काळात काही दिवस बिनहत्यारी ड्युटी मागून घेणं तुमच्याच हिताचं आहे.